वेठीचे जोखड आणि आपले अंगण

वसईचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ला, १५३४चा तह, १७३९मधील चिमाजी आप्पांचा विजय आणि चर्चचे मनोरे उभे राहतात. हा इतिहास प्रामुख्याने रेल्वेरुळांच्या पश्चिमेकडचा. रुळांच्या पूर्वेस, डोंगराच्या कुशीत राहणाऱ्या वारली, कातकरी आदी आदिवासी बांधवांचा इतिहास मात्र आपल्या स्मरणात क्वचितच डोकावतो. वास्तविक समतेचा मोठा धडा त्याच मातीत लिहिला गेला आहे.

जुन्या ठाणे जिल्ह्यात ‘लग्नगडी’ हा शब्द सर्वांना परिचित होता. लग्नासाठी सावकाराकडून काही रुपये उचलायचे आणि त्यांच्या फेडीसाठी नवराबायकोने त्याच्या शेतावर राबायचे, अशी ही रीत. व्याजाचा हिशेब सावकाराच्याच वहीत असल्याने कर्ज फिटत नसे. १९३०च्या दशकाच्या अखेरीस सायमिंग्टन या इंग्रज अधिकाऱ्याने मुंबई सरकारला सादर केलेल्या अहवालात या गुलामगिरीची नोंद केली. परंतु अहवालाने कोणाचीही बेडी तुटली नाही.

ती तोडण्यास आरंभ झाला तो १९४५ साली. त्या वर्षीच्या जानेवारीत टिटवाळा येथे किसान सभेची परिषद भरली. तेथे आलेल्या मोजक्या वारल्यांत माह्या धांगडा होते. २३ मे रोजी तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील झरी गावी हजारो वारली एकत्र आले. गोदावरी व शामराव परुळेकर या दांपत्याने त्यांना सांगितलेल्या गोष्टी साध्या होत्या : वेठ करू नका, रोख बारा आणे रोज मिळाल्यावाचून जमीनदाराच्या शेतावर जाऊ नका, कोणी मारल्यास प्रतिकार करा, एकजूट सोडू नका. पुढे गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला. ऑक्टोबरात तलवाडा येथे जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जणांनी प्राण गमावले. तथापि वेठ आणि लग्नगडीची प्रथा त्या भागातून हटली.

स्वातंत्र्यानंतर घटनेच्या तेविसाव्या कलमाने वेठबिगारीस बंदी घातली. १९७६ साली वेठबिगार पद्धती निर्मूलनाचा कायदा झाला व तो २५ ऑक्टोबर १९७५पासून लागू मानण्यात आला. त्यात एक मोलाची तरतूद आहे : कर्ज वेठबिगारीचे नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मजुरावर नसून सावकारावर आहे. तरीही कायदा कागदावर राहिला. कारण तो गडी म्हणवणाऱ्याच्या कानापर्यंत पोहोचलाच नव्हता.

आपल्याच वसई तालुक्यात तो पोहोचवण्याचे काम विवेक व विद्युल्लता पंडित यांनी केले. १९७९मध्ये विधायक संसद आणि १९८२मध्ये श्रमजीवी संघटना उभी राहिली. दहिसर गावातील वेठबिगारांच्या मुक्तीपासून या लढ्यास सुरुवात झाली. विटभट्टीवर स्थलांतरित होणाऱ्या मजुरांच्या मुलांसाठी नंतर ‘भोंगाशाळा’ निघाल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरील मजुराची झोपडी. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनेच त्याच्या झोपडीपाशी जावे, हा त्यामागील विचार. १९९९ साली लंडनस्थित गुलामगिरीविरोधी संस्थेने पंडित यांना पुरस्कार दिला.

या दोन लढ्यांमध्ये सुमारे चार दशकांचे अंतर आहे; नेतृत्वाची रीत मात्र सारखी आहे. परुळेकर आणि पंडित दोघेही बाहेरून आले. त्यांनी दान वाटले नाही, तर हक्काची जाणीव दिली. मालकासमोर उभे राहून ‘नाही’ म्हणणे हे काम शेवटी गड्यानेच करायचे होते आणि त्याने ते केले. ज्याच्यासाठी काम करावयाचे त्यालाच पुढे उभे करणे, हे समाजसेवेचे खरे मर्म होय. अन्यथा सेवेतूनही नवा धनी आणि नवा गडी निर्माण होतो.

लिहिताना एक आठवण मन कुरतडते. माझ्या बालपणी आमच्या वाडीत कामाला एक वारली गृहस्थ येत. विहिरीपासून केळीपर्यंत पाण्याचे पाट तेच बांधत. दुपारी ते ओटीखाली बसून जेवत आणि त्यांची ताटली गोठ्याच्या कुडाला खोचलेली असे. घरात कोणीही त्यांच्याशी वाईट वागले नाही; पण आम्ही सर्व त्यांना ‘वारली’ एवढेच म्हणत असू. त्यांचे नाव मला आजही ठाऊक नाही. वेठ कायद्याने संपते. ती ताटली कुडावरून काढण्याचे काम कोणताही कायदा करीत नाही.

आज वाड्यांच्या जागी इमारती उभ्या आहेत. त्यांच्या विटा भाजणारे, पाया खणणारे हात बहुतांशी त्याच पूर्वेकडचे आहेत. पावसाळा सरला की उचल घेऊन कुटुंबे भट्टीवर निघतात. उचलीचा हिशेब कोणाच्या वहीत आहे, हे आपल्यापैकी घर बांधणाऱ्या प्रत्येकाने एकदा विचारावे. आणि विचारताना त्या माणसाचे नावही विचारून घ्यावे.