हाताच्या कांकणाला आरसा

'हातच्या कांकणाला आरसा कशाला?' असे आपण म्हणतो. जे हाती आहे त्याला दुसरा पुरावा नको, हा त्या म्हणीचा भाव. परंतु प्रसूतिशास्त्राच्या इतिहासात एक प्रकरण असे आहे की, तेथे खुद्द हातालाच आरसा दाखवावा लागला. आणि त्याला सुमारे अडीचशे वर्षे लागली.

प्रश्न वरकरणी लहान आहे. बाळंतिणीला कळा सुरू आहेत. आतल्या बाळाचे डोके कोणीकडे वळले आहे? डोक्याची मागची बाजू आईच्या पोटाकडे असली, तर वाट बहुधा सोपी. ती आईच्या पाठीकडेच राहिली, तर प्रसूती रेंगाळते. अशा वेळी अंदाज चुकून चिमटा भलत्या जागी लागला, तर इजा आईलाही आणि बाळालाही.

बाळ तोंड सरळ मागे करून खाली येते, असे पूर्वीचे वैद्य समजत. १७४२ साली डब्लिनच्या फील्डिंग ओल्डने लिहिले की, डोके कटीरात शिरते ते एका बाजूला वळून. पुढे १७५२ साली विल्यम स्मेलीचा ग्रंथ निघाला. स्मेली मूळचा स्कॉटलंडमधील लॅनार्कचा. तो लंडनला शिकवीत असे. डोके आडवे शिरते आणि उतरता उतरता फिरते, हे त्याने नीट मांडले. कवटीच्या शिवणी आणि टाळू बोटाने चाचपाव्या, डोक्याची दिशा ठरवावी, मगच कानांच्या बाजूंनी चिमटा लावावा, ही त्याची शिकवण. पुढच्या पिढ्या याच शिकवणीवर वाढल्या.

ही विद्या खरी होती. पण तिच्यात एक वैगुण्य होते. प्रसूती लांबली की बाळाच्या डोक्याला सूज येते, हाडे एकमेकांवर चढतात, शिवणी बोटाला लागत नाहीत. म्हणजे जेव्हा बोटाची गरज सर्वांत अधिक, तेव्हाच ते आंधळे होते!

दुसरा साक्षीदार आला तो कारखान्यातून. इयान डोनाल्ड हे महायुद्धात ब्रिटिश विमानदलात होते. तेथे रडारशी त्यांचा परिचय झाला. १९५४ साली ते ग्लासगोला प्राध्यापक झाले. स्मेलीचे लॅनार्क तेथून फार दूर नाही. धातूतील तडा शोधण्यासाठी कानाला न ऐकू येणारा ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणारे यंत्र तेव्हा कारखान्यांत होते. १९५५ साली डोनाल्ड शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून रेन्फ्रू येथील बॉयलरच्या कारखान्यात गेले, आणि त्यांचे प्रतिध्वनी पाहून आले. पुढे टॉम ब्राउन हा तरुण अभियंता व जॉन मॅकव्हिकार हे डॉक्टर यांच्यासह त्यांनी लिहिलेला निबंध १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये छापला गेला. आपण आज जिला सोनोग्राफी म्हणतो, तिचा प्रसूतिशास्त्रातील पाया तो.

तरीही प्रसूतीच्या खोलीत डोक्याची दिशा पुष्कळ काळ बोटानेच ठरे. यंत्रे लहान होऊन खाटेपाशी आली, तेव्हा कोठे पडताळा सुरू झाला. काम साधे आहे. यंत्राचा मुठीएवढा भाग ओटीपोटावर ठेवावयाचा. बाळाच्या डोळ्यांच्या खोबणी पुढे दिसल्या, तर डोके मागे फिरलेले. २००२ साली अमेरिकेतून १०२ स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. ऐन कळांत बोटाचा निर्णय यंत्राशी जुळला तो अवघ्या २४ टक्क्यांत! आयर्लंडमधील दोन प्रसूतिगृहांतील चाचणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. उपकरण लावण्यापूर्वी नेहमीच्या पद्धतीने दिशा २०.२ टक्के वेळा चुकली. सोबत यंत्र घेतले तेव्हा १.६ टक्के.

मात्र येथे घाईने टाळ्या वाजवू नयेत. त्याच चाचणीत आईला वा बाळाला होणाऱ्या इजेत फरक पडलेला दिसला नाही. दिशा कळणे निराळे, आणि बाळंतीण सुखरूप सुटणे निराळे. कळल्यावर काय करावयाचे, थांबावयाचे की हात घालावयाचे, हे यंत्र सांगत नाही. ते माणसालाच ठरवावे लागते.

मग स्मेलीच्या शिष्यपरंपरेला आपण हसावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. आपली चूक कळण्याचा मार्गच ज्या हाताला नव्हता, त्याला दोष कसा द्यावा? मात्र आरसा उशाशी असताना जो हात त्यात पाहावयास कचरतो, त्याची बाजू आम्हांस घेता येणार नाही. कारण तेथे पणाला लागलेली असते ती वैद्याची प्रतिष्ठा नव्हे. दोन जीव असतात.