झेडपीची कोणती शाळा बरी? आधी पट आणि गुरुजी बघा
जूनमध्ये पोराचं नाव घालण्याआधी गावातली आणि शेजारच्या गावातली झेडपी शाळा ताडून बघा. नुसत्या रंगरंगोटीवर जाऊ नका. प्रत्येक शाळेला 11 अंकी यू-डायस क्रमांक असतो. त्यावरून यू-डायस प्लसच्या संकेतस्थळावर पट, शिक्षक, वर्गखोल्या मोबाईलवरच दिसतात. आकडे मागच्या वर्षाचे असू शकतात.

शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 90 पर्यंत तीन. म्हणजे पाच वर्गांना दोन गुरुजी, हे कायद्यातच बसतं! म्हणून गुरुजींना विचारून तिसरीच्या एखाद्या पोराकडून धडा वाचून घ्या.

आणि शिक्षकांची पदं पटावर ठरतात. तुमचं पोर दुसरीकडे गेलं, पट घटला, तर मागं राहिलेल्यांचा एक गुरुजीही जाऊ शकतो.