चुरशीचं मत आणि सरकारची तिजोरी



गेल्या काही महिन्यांत गटाच्या बैठकीत हप्ते भरून झाले, की एक वाद हमखास निघतो. एक म्हणते, सरकारने पैसे दिले तर घ्यायचे, आपल्याच कराचे आहेत. दुसरी म्हणते, अगो, पण सरकारच कर्जात आहे, उद्या हेच पैसे आपल्याकडून दुसऱ्या वाटेने काढतील. तिसरी म्हणते, मत दिलं म्हणून पैसे मिळाले, मत संपलं की पैसे संपतील. तिघींचंही थोडं थोडं खरं आहे. पण हा वाद आजचा नाही. आपल्या महाराष्ट्रात तो निदान पन्नास वर्षं चालू आहे. आज त्याचीच गोष्ट सांगते.

आधी एक लहानसा खुलासा. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा गव्हर्नर लोक मत देऊन निवडतात. आपला राज्यपाल निवडून येत नाही, त्याची नेमणूक होते. आपल्याकडे राज्याचा खर्च ठरवतात ते मुख्यमंत्री आणि त्यांचं मंत्रिमंडळ, आणि त्याला मंजुरी देते विधानसभा. म्हणजे तिकडे गव्हर्नरच्या निवडणुकीत जो वाद होतो, तो आपल्याकडे विधानसभेच्या निवडणुकीत होतो. तिकडे वॉशिंग्टन नावाच्या राज्यात २००४ साली गव्हर्नरची निवडणूक इतकी अटीतटीची झाली, की मतं तीनदा मोजली. पहिल्या दोन मोजण्यांत डिनो रॉसी पुढे होते, तिसऱ्या मोजणीत क्रिस्टीन ग्रेगॉयर या बाई १२९ मतांनी पुढे गेल्या आणि गव्हर्नर झाल्या. लाखो मतांत १२९! आपल्याकडेही २०२४ च्या लोकसभेला मुंबईच्या वायव्य मतदारसंघात रवींद्र वायकर अवघ्या ४८ मतांनी निवडून आले. त्याच वर्षी विधानसभेला साकोलीत नाना पटोले २०८ मतांनी आले. एका मोठ्या वाडीतल्या मतांएवढं अंतर. तेव्हा माझ्या एका मताने काय होतंय, असं कुणी म्हणू नये.

आता गोष्ट १९७८ सालची. तेव्हा आपला रत्नागिरी जिल्हा पार सावंतवाडीपर्यंत होता, सिंधुदुर्ग वेगळा व्हायला अजून तीन वर्षं होती. आणीबाणी उठली होती. राजापूरचे खासदार मधु दंडवते दिल्लीत रेल्वेमंत्री होते. काँग्रेस फुटली होती. फेब्रुवारी १९७८ मध्ये विधानसभेची निवडणूक झाली. एकूण जागा २८८, बहुमताला हव्यात १४५. जनता पक्षाला मिळाल्या ९९, एका काँग्रेसला ६९ आणि इंदिरा गांधींच्या काँग्रेसला ६२. कुणालाच बहुमत नाही. एकमेकींविरुद्ध लढलेल्या दोन काँग्रेस एकत्र आल्या आणि वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले. ते सरकार चार-साडेचार महिने चाललं. १८ जुलैला शरद पवार जनता पक्षाला आणि इतरांना बरोबर घेऊन मुख्यमंत्री झाले. फेब्रुवारी १९८० मध्ये तेही सरकार केंद्राने बरखास्त केलं. म्हणजे दोन वर्षांत दोन सरकारं आली नि गेली.

अशा धावपळीत गरिबांच्या योजनांचं काय होतं? नवं सरकार आलं की जुन्याची पाटी उतरते, हे आपण पाहतोच. पण त्या वेळी एक मोठी खर्चाची योजना या सगळ्या वादळातून सुखरूप पार पडली. ती म्हणजे रोजगार हमी योजना.

तिची सुरुवात अगदी लहान. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला तिचा पहिला प्रयोग करून पाहिला. विचार साधा होता: ज्याला काम हवं त्याला सरकारने काम द्यावं, आणि त्या कामातून गावाच्या उपयोगाचं काहीतरी उभं राहावं. मग १९७२ चा दुष्काळ आला. आपल्या कोकणात पाऊस पडतो, म्हणून त्या दुष्काळाच्या आठवणी आपल्याकडे कमी. पण घाटावर आणि मराठवाड्यात दुष्काळी कामांवर एका वेळी ५० लाखांच्या आसपास माणसं होती. खडी फोडायला, नालाबांध घालायला, पाझर तलाव खणायला. त्यात बाया मोठ्या संख्येने होत्या. त्याच सुमाराला मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर अशा बायकांनी महागाईविरुद्ध लाटणी घेऊन मोर्चे काढले. सरकारचा पैसा कुठे जातो, हे बायका विचारू लागल्या, त्याला इतकी वर्षं झाली.

दुष्काळ सरला. पण दुष्काळ नसतानाही हातांना काम नसतं, हे सरकारच्या ध्यानात आलं होतं. प्रश्न होता पैशांचा. एक वर्ष देणं सोपं, दरवर्षी देणं कठीण. इथे त्या लोकांनी दोन गोष्टी केल्या, आणि त्या दोन्ही आपण नीट लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट, त्यांनी पैसा कुठून येणार हे आधी ठरवलं. १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा केला. शहरात पगार घेणारा, दुकान चालवणारा, डॉक्टर, वकील, सगळ्यांनी थोडा थोडा कर भरायचा आणि तो रोजगार हमीसाठी. मुंबईच्या कचेरीत बसणाऱ्या कारकुनाच्या पगारातून कापलेला रुपया बीडच्या बंधाऱ्यावर दगड उचलणाऱ्या बाईच्या मजुरीत जमा होऊ लागला. या कराव्यतिरिक्त आणखी काही करांवर अधिभार लावला, आणि सरकारने आपल्या पदरची भर घातली. नोकरदारांनी कुरकुर केलीच असणार. कर भरायला कुणाला आवडतो? पण आपला पैसा कशाला जातो, हे त्यांना माहीत होतं.

दुसरी गोष्ट, त्यांनी योजनेचा कायदा केला. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा एकमताने मंजूर केला, सत्ताधारी आणि विरोधक दोघांनी मिळून. पुढच्याच वर्षी निवडणुकीत ते एकमेकांशी कडवेपणाने लढले. सरकार बदललं, परत बदललं. पण कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, तेव्हा मुख्यमंत्री दुसरे होते आणि पक्षही दुसरे होते. ज्यांनी मंजूर केला ते एक, ज्यांनी राबवला ते दुसरे. काम मागितल्यावर ठरल्या मुदतीत काम द्यायचं, नाही दिलं तर भत्ता द्यायचा. बाईला नि पुरुषाला कामाचा दर एकच. कामावर पिण्याचं पाणी, सावली आणि तान्ह्या मुलांसाठी पाळणाघर. हे सगळं मेहरबानी म्हणून नाही, हक्क म्हणून.

आता सगळं गोड गोड झालं असं मी सांगत नाही. मस्टरवर खोटी नावं लागली, मजुरी उशिरा मिळाली, पाळणाघरं कित्येकदा कागदावरच राहिली. निधी शिल्लक असून खर्च होत नाही, अशीही तक्रार झाली. आपल्या कोकणात ही योजना मराठवाड्याएवढी चालली नाही. आपल्याकडे पावसाळाभर काम बंद, आणि घरातला कर्ता पुरुष मुंबईला.

पण तिचा एक धागा आपल्या दारापर्यंत आला आहे. १९९० साली पुन्हा अशीच चुरशीची निवडणूक झाली. काँग्रेसला १४१ जागा मिळाल्या, बहुमताला चारच कमी. अपक्षांना सोबत घेऊन शरद पवार मुख्यमंत्री झाले. त्याच वर्षी रोजगार हमीला फळबाग लागवड जोडली. म्हणजे शेतकऱ्याने आपल्याच जमिनीत खड्डे खणायचे, कलमं लावायची, आणि त्या खर्चाला नि मजुरीला योजनेतून मदत घ्यायची. ज्या वरकस जमिनीत गवत आणि थोडी नाचणी-वरी याशिवाय काही होत नव्हतं, तिथे आंबा आणि काजू उभे राहिले. आज आपल्या तालुक्यात डोंगरउतारावर काजूची जी लागवड दिसते, त्यातल्या बऱ्याच झाडांचा खड्डा सरकारी पैशाने खणला गेला आहे. काजूगर सोलून विकणाऱ्या आपल्यातल्या कितीतरी जणी त्या खर्चाचं फळ आजही खातात. पैसा खर्च होऊन गेला, झाड मागे राहिलं.

आता आपल्या काळात येऊ. २०२४ च्या जूनमध्ये लोकसभेचा निकाल लागला. राज्यातल्या ४८ जागांपैकी महाविकास आघाडीला ३० आणि महायुतीला १७ मिळाल्या. आपल्याकडे मात्र महायुतीचे नारायण राणे जवळजवळ ४८ हजारांनी निवडून आले. पण राज्यभरच्या मतांची बेरीज केली, तर दोन्ही बाजूंत अर्धा टक्काही फरक नव्हता. म्हणजे विधानसभेला कुणीही जिंकू शकत होतं. आणि त्याच महिन्यात, २८ जूनला, अर्थसंकल्पात मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जाहीर झाली. घरचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल, तर बाईच्या खात्यावर महिन्याला १,५०० रुपये. ऑगस्टमध्ये रक्षाबंधनाच्या आधी पहिले दोन हप्ते जमा झाले. निवडणूक जवळ आली, तसं महायुतीने २,१०० देऊ म्हटलं आणि आघाडीने ३,००० देऊ म्हटलं. नोव्हेंबरमध्ये महायुती मोठ्या बहुमताने जिंकली.

यात कुणाचा पक्ष चांगला, कुणाचा वाईट, हे मी सांगणार नाही. ते तुमचं तुम्ही ठरवा. मला तुम्हांला हिशेब सांगायचा आहे, कारण हिशेबात आपण बचत गटवाल्या पक्क्या आहोत. महिन्याला १,५०० म्हणजे वर्षाला १८,०००. दोन कोटी बायांना द्यायचे तर ३६,००० कोटी. पुढच्या वर्षीच्या, म्हणजे २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात नेमकी एवढीच तरतूद होती, आणि २,१०० चा उल्लेख नव्हता. त्याच अर्थसंकल्पात राज्यावरचं कर्ज नऊ लाख कोटींच्या वर जाईल असा अंदाज होता. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास या खात्यांचे मिळून सुमारे ७४६ कोटी रुपये या योजनेकडे वळवले गेले, तेव्हा खुद्द सामाजिक न्याय मंत्र्यांनी नाराजी बोलून दाखवली. म्हणजे एका बहिणीच्या ताटात वाढायला दुसऱ्या बहिणीच्या टोपातून काढलं. पुढे छाननी झाली, केवायसी आली, आणि कित्येकींचे हप्ते थांबले.

म्हणून १,५०० रुपये वाईट आहेत का? मुळीच नाही. औषधं, पोराची फी, गॅस, गटाचा हप्ता. ज्या बाईच्या हातात आजवर स्वतःचा म्हणून पैसा नव्हता, तिला त्याची किंमत कुणी शिकवू नये. मोठ्या कारखान्यांना सवलती दिल्या तर ते उत्तेजन आणि बाईला दिले तर ती खैरात, असं म्हणणाऱ्यांना आपण जरूर विचारावं, की असं का?

पण रोजगार हमीच्या शेजारी ही योजना ठेवून बघा. रोजगार हमीला कायद्याचा आधार होता, हिला शासन निर्णयाचा आहे. शासन निर्णय मंत्रालयातला एक कागद बदलू शकतो. कायदाही बदलता येतो, नाही असं नाही, पण तो बदलायचा तर विधानसभेत उभं राहून, सगळ्यांच्या देखत बदलावा लागतो. रोजगार हमीसाठी नवा कर लावला होता, पैसा कुठला ते ठरलेलं होतं. हिच्यासाठी तसा वेगळा पैसा बांधलेला नाही, म्हणून दरवर्षी ओढाताण.

कुणी म्हणेल, कायदा नसला तरी योजना टिकतात. खरं आहे. संजय गांधी निराधार योजना १९८० पासून आहे. पण तिथली रक्कम बघा. २०१९ मध्ये ६०० ची १,००० झाली, २०२३ मध्ये १,५००. मधल्या वर्षांत महागाई वाढत राहिली आणि एकटी बाई वाट बघत राहिली. हक्क नसला, की वाट बघावी लागते.

तेव्हा पुढच्या वेळी कुणीही, कुठल्याही पक्षाचा, हात जोडून दारात आला आणि एवढे देऊ म्हणाला, तर त्याला चहा जरूर द्या आणि तीन प्रश्न विचारा. पैसा कुठून आणणार? त्यासाठी काय कमी करणार, आमची एसटी, आमची अंगणवाडी, की आमचं नळपाणी? आणि निवडणुकीनंतर तुम्ही नसलात, तरी हे आम्हांला मिळेल अशी सोय काय केली आहे?

हेच प्रश्न गावातही विचारता येतात. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी ग्रामसभा घ्यायची असते, ती घ्या म्हणून सांगा. पंचायतीत यंदा किती पैसे आले, कशावर गेले, ते वाचून दाखवायला लावा. मुचकुंदीच्या खाडीवर पूल झाला, तसं पलीकडचं गावखडी आपल्याला जवळ आलं. तोही सरकारी खर्चच. रोख पैसा, पूल आणि कलम, तिन्हींची आपल्याला गरज आहे. कशाला किती द्यायचं हे ठरवताना आपला आवाज त्यात असला पाहिजे. आणि ज्या राज्यात कधी ४८ मतांवर, तर कधी २०८ मतांवर निकाल लागतो, तिथे एका गटातल्या वीस जणी एकच प्रश्न विचारू लागल्या, तर तो ऐकावाच लागतो.

पुढच्या बैठकीत हप्ते भरून झाले, की हा हिशेब पुन्हा एकदा मांडा. वाद घाला, पण आकडे घेऊन घाला.