गाठ घरातली, रंग रंगाऱ्याचा

इसवी सन ६००च्या आसपासची गोष्ट. ठाणेसरच्या राजवाड्यात लगीनघाई उडाली होती. प्रभाकरवर्धनाची मुलगी आणि पुढे सम्राट झालेल्या हर्षाची बहीण राज्यश्री हिचं लग्न मौखरी घराण्यातल्या ग्रहवर्म्याशी ठरलं होतं. बाणभट्टाने ‘हर्षचरिता’त या तयारीचं मोठं रसरशीत वर्णन केलं आहे. त्यात सोनार आहेत, चितारी आहेत आणि त्यांच्याबरोबरच नगरातल्या जुन्याजाणत्या बायकाही आहेत. नाना तऱ्हेच्या नक्षीत तरबेज असलेल्या या बायका कापड बांधत बसल्या आहेत. काही वस्त्रं बांधून झाली आहेत, काहींवर अजून हात चालू आहे. राजकन्येच्या लग्नाची बांधणी घरोघरच्या आज्ज्या-मावश्या करत होत्या.

आज सुट्टीच्या दिवशी अंगणात बादल्या मांडून, पांढऱ्या टी-शर्टांना रबरबँड लावून, आईवडील आणि मुलं मिळून जे ‘टाय अँड डाय’ करतात, त्याचं मूळ इतकं जुनं आहे. मधल्या तेरा-चौदाशे वर्षांत एक गोष्ट मात्र पार बदलली. गाठ पहिल्यापासून घरातल्या बाईच्या बोटांत होती, पण रंगाची कढई होती रंगाऱ्याकडे. ती कढई घरात यायला एकोणिसावं शतक उलटावं लागलं. घरी रंगवलेल्या शर्टाचा इतिहास म्हणजे त्या कढईच्या प्रवासाचा इतिहास.

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत काही स्त्रियांच्या चोळ्यांवर ठिपक्यांच्या रांगा दिसतात. अनेक अभ्यासक त्यांना बांधणीच मानतात. या कामाची रीत ऐकायला अगदी सोपी आहे. कापडाचा इवलासा भाग चिमटीत उचलायचा, त्याला दोऱ्याचे घट्ट वेढे द्यायचे आणि कापड रंगात बुडवायचं. वेढ्यांखाली रंग पोचत नाही, तिथे मूळ रंगाचा ठिपका राहतो. कच्छ आणि जामनगरकडच्या कारागीर बायका कापड उचलण्यासाठी करंगळीचं नख वाढवतात किंवा बोटात टोकदार अंगठी घालतात. दोरा एका छोट्या नळीतून ओवून घेतलेला असतो, त्यामुळे तो भरभर गुंडाळता येतो. एका साडीवर अशा हजारो गाठी. काम बारीक असेल तर महिनेच्या महिने जातात.

रंगांचा क्रमही ठरलेला. आधी फिका, मग गडद. पांढऱ्या कापडावर पहिल्या गाठी मारून ते पिवळ्यात बुडवतात. मग जिथे पिवळा राखायचा तिथे नव्या गाठी, आणि कापड लाल रंगात. पुन्हा गाठी, आणि शेवटी मरून किंवा काळा. म्हणजे कोणत्या ठिपक्याचा रंग कोणता असणार, हे बांधणारीला रंगाच्या आधीच डोळ्यांपुढे आणावं लागतं. गुजरातेतल्या नवरीचं घरचोळं असंच तयार होतं. राजस्थानात फेट्याचं लांबलचक कापड तिरकं गुंडाळून ठरावीक अंतरावर बांधलं, की लहरिया होतो.

रंगवायचं काम मात्र घरच्या बाईचं नव्हे. ते कच्छ-सौराष्ट्रात खत्री समाजाकडे होतं, आपल्याकडे रंगाऱ्यांकडे. याचं कारण जातीच्या चौकटीइतकंच रसायनातही होतं. सुती धाग्यावर वनस्पतींचे रंग सहजासहजी टिकत नाहीत. लाल रंग हवा तर मंजिष्ठ किंवा आलाचं मूळ लागतं, पण त्याआधी कापडाला हिरडा आणि तुरटी द्यावी लागते. निळीचं पिंप आंबवून दिवसेंदिवस सांभाळावं लागतं. ते बिघडलं की सगळं वाया. पाणी कोणत्या विहिरीचं यावरही रंगाची छटा ठरते. जामनगरच्या लाल रंगाचं श्रेय तिथल्या पाण्याला देतात ते उगाच नाही. वऱ्हाडात आणि मध्य प्रांतात आलाची शेती होती आणि त्या मुळाच्या लालावर रंगाऱ्यांची घरं चालत होती. बापाने मुलाला शिकवलेली ही विद्या होती. स्वयंपाकघरातल्या पातेल्यात ती मावणारी नव्हती.

बांधणीला परदेशात पहिलं नाव मिळालं ते रुमालामुळे. अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनी बंगालमधून ठिपक्यांचे रेशमी रुमाल इंग्लंडला नेत असे. तपकीर ओढणाऱ्या साहेबांना ते फार पसंत पडले, कारण गडद ठिपकेदार रुमालावर तपकिरीचे डाग दिसत नसत. ‘बांधणू’चा इंग्रजीत ‘बँडाना’ झाला. मागणी वाढली तशी नक्कलही आली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्लासगोच्या हेन्री माँटीथच्या कारखान्यात लाल रंगवलेल्या कापडाच्या थप्प्या भोकं पाडलेल्या शिशाच्या पत्र्यांमध्ये दाबून धरत आणि भोकांतून रंग उडवणारं द्रावण सोडत. भोकाखालचा लाल उडून पांढरा ठिपका उमटे. मुर्शिदाबादकडच्या कारागिरांच्या बोटांचं काम एका दाबयंत्राने केलं. कापडावर गाठ पडलीच नाही, नाव मात्र गाठीचं राहिलं.

खरी उलथापालथ केली ती रसायनशास्त्राने. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या मुलाला कोळशाच्या डांबरापासून क्विनिन करायचं होतं. हाती आला जांभळा रंग. पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत जर्मन कारखान्यांनी एकेक वनस्पती बाजारातून उठवली. १८६९पासून कृत्रिम अलिझरीन हा लाल रंग मिळू लागला आणि मंजिष्ठेबरोबर वऱ्हाडातला आलही संपत गेला. १८९७ साली कृत्रिम नीळ विक्रीला आली. रंगाऱ्याच्या धंद्यावर हा मोठा घाव होता. पण ज्या शोधाने त्याचं गुपित मोडलं, त्यानेच रंग पुडीत बांधून वाण्याच्या दुकानात ठेवला. आता रंग विकत घेण्यापुरते चार पैसे आणि एक पातेलं असलं की पुरे होतं.

अमेरिकेत हे चित्र सगळ्यात स्पष्ट दिसतं. १९०९च्या सुमारास कोलंबिया विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक चार्ल्स पेल्यू यांच्या हाती बांधून रंगवलेल्या मलमलीचे काही नमुने लागले. त्यांनी या पद्धतीवर व्याख्यान दिलं आणि प्रात्यक्षिक करून दाखवलं. मग पहिलं महायुद्ध आलं, जर्मन रंगांची आयात अडली आणि अमेरिकेतच रंग बनवणं भाग पडलं. त्याच सुमारास शिकागोच्या सनबीम केमिकल कंपनीने ‘रिट’ नावाचा घरगुती रंग काढला. हा मिश्र रंग होता. त्याच्या पुडीत सुतावर बसणारा रंग होता, लोकर-रेशमावर बसणाराही होता. कापड कोणतंही असो, काहीतरी रंग चढणारच. त्याला लागायचं फक्त गरम पाणी, थोडं मीठ आणि चूल. महामंदीच्या दिवसांत जुना झगा किंवा विटलेला पडदा पुन्हा वापरात आणायला घरोघरच्या बायकांना त्याचा मोठा आधार झाला.

त्यात एक खोट होती. असा रंग धाग्याला वरवर चिकटून बसतो आणि प्रत्येक धुण्यात थोडा थोडा सुटतो. आईने मुलासाठी हौसेने रंगवलेला शर्ट चार महिन्यांत फिका पडायचा, वर बादलीतले बाकीचे कपडे रंगवून टाकायचा.

ही खोट १९५६ साली दूर झाली. पर्किनच्या शोधाला बरोबर शंभर वर्षं झाली होती. इंग्लंडच्या ‘आयसीआय’ कंपनीतल्या रॅटी आणि स्टीफन या रसायनतज्ज्ञांनी शोधलेले ‘प्रोसिऑन’ रंग त्या वर्षी बाजारात आले. या रंगाचा रेणू सुताच्या रेणूशी रासायनिक बंध जोडतो. तो कापडाचाच एक भाग होऊन बसतो. त्यासाठी उकळावं लागत नाही. साध्या खोलीच्या तापमानात, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात हे काम होतं. कारखान्यांसाठी शोधलेल्या या रंगाने घरच्या रंगकामातली चूल काढून टाकली. लहान मुलांना बरोबर घेऊन रंगवता येऊ लागलं ते यामुळे.

रंगवायला कापडही तयार होतं. अमेरिकी नौदलाने १९१३ साली खलाशांना पांढरी सुती बनियन द्यायला सुरुवात केली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिक ती घालूनच घरी परतले. १९५१च्या ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’मध्ये मार्लन ब्रँडोने टी-शर्ट पडद्यावर आणला आणि आतला कपडा बाहेरचा झाला. तो स्वस्त होता, सुती होता, पांढरा होता आणि सगळ्या घराला मापाप्रमाणे मिळत होता.

तरीही १९६०चं दशक संपत आलं तेव्हा रिटचा खप घसरला होता. कपडे घरी रंगवणाऱ्यांची पिढी मागे पडली होती. कंपनीच्या विक्रीचं काम पाहणारा डॉन प्राइस न्यूयॉर्कच्या ग्रेनिच व्हिलेजमध्ये कलाकारांकडे फिरू लागला. तिथे त्याला विल आणि आयलीन रिचर्डसन हे वयस्क, निवृत्त जोडपं भेटलं. दोघांनी कापडं बांधून, चुरगळून, दुमडून असे नमुने काढले, की हॉल्स्टनसारख्या नावाजलेल्या वेशभूषाकाराने ते उचलले. १९७० साली या जोडप्याला फॅशनच्या जगातला मानाचा कोटी पुरस्कार मिळाला. प्राइसने आणखी एक गोष्ट केली. काही कलाकारांना पैसे देऊन त्याने शेकडो टी-शर्ट रंगवून घेतले आणि ते ऑगस्ट १९६९मध्ये वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात विक्रीला गेले. त्याच मंचावर जॉन सेबॅस्टियन आणि जो कॉकर टाय-डायच्या कपड्यांत गायले. व्हिएतनाम युद्धाला विरोध करणाऱ्या तरुण पिढीचा तो जणू गणवेशच झाला.

या तरुणांनी गाठीची कला शोधून काढली असं समजणं चूक आहे. जपानच्या नारा इथल्या शोसोइन भांडारात आठव्या शतकातली बांधून रंगवलेली वस्त्रं जपलेली आहेत. पेरूच्या वारी लोकांनी हजार वर्षांपूर्वीच लोकरीच्या कापडावर अशीच ठिपक्यांची नक्षी काढली. नायजेरियात योरुबा बायका निळीत ‘आदिरे’ रंगवतात. अमेरिकेने भर घातली ती दोन गोष्टींची. बांधणीचा ठिपका सोडून तिथल्या लोकांनी मोठा भोवरा धरला, आणि वर्षानुवर्षांच्या शिक्षणाशिवाय एका दुपारीत कुणालाही जमेल इतकं हे काम सोपं केलं.

ती दुपार साधारण अशी असते. सुती टी-शर्ट आधी धुऊन घ्यायचे, म्हणजे त्यावरची खळ जाते. चार लिटर पाण्याला साधारण एक कप धुण्याचा सोडा घेऊन त्यात ते भिजवायचे. ओला शर्ट सपाट पसरून मधोमध चिमूट धरायची आणि गोल फिरवत जायचं. चकलीसारखी गुंडाळी झाली की तिला रबरबँडांनी बांधून भाकरीच्या चतकोरांसारखे भाग पाडायचे आणि एकेका भागावर बाटलीने एकेक रंग सोडायचा. पिवळ्याशेजारी लाल ठेवला तर मध्ये नारिंगी उगवतो. लालाशेजारी हिरवा ठेवला तर मातकट तपकिरी. मग प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर ठेवायचं. सकाळी गार पाण्यात खळबळून, सुटा रंग निघेपर्यंत गरम पाण्यात धुवायचं. कोरड्या रंगाची पूड नाकात जाऊ नये म्हणून पाणी घालताना तोंडाला मास्क हवा, हातात मोजे हवेत, आणि रंगाचं पातेलं पुन्हा स्वयंपाकात वापरायचं नाही. एक गंमत मात्र प्रत्येक घरात घडते. शर्ट सुती असला तरी त्याची शिवण बहुधा पॉलिस्टरच्या दोऱ्याची असते. तिला हा रंग चढत नाही. रंगीबेरंगी शर्टावर पांढरे टाके उठून दिसतात.

२०२०च्या टाळेबंदीत जगभरच्या घरांमध्ये या कामाने पुन्हा जोर धरला. शाळा बंद, मुलं घरात, आणि कपाटात जुने पांढरे टी-शर्ट. आपल्याकडे ‘टाय अँड डाय’ हे नाव आता इतकं रुळलं आहे, की हीच आपली बांधणी आहे हे मुलांना सांगावं लागतं.

ते सांगायला हवं, कारण कच्छ-जामनगरात जुनी कामाची वाटणी अजून टिकून आहे. बांधणारी बाई घरीच बसून काम करते, गाठींच्या मोजणीवर मजुरी घेते आणि कापड रंगाऱ्याकडे परत धाडते. तिचं नाव साडीवर कुठेच येत नाही. ग्लासगोने रुमालांचं जे केलं, तेच आज बाजारात बांधणीचं चाललं आहे. ठिपके छापलेल्या साड्या आणि भोवरा छापलेले टी-शर्ट खऱ्याच्या नावाने विकले जातात.

ओळखणं अवघड नाही. खऱ्या बांधणीवर जिथे गाठ होती तिथे कापडाला बारीकसं टोक उभं राहतं आणि ठिपका दोन्ही बाजूंनी दिसतो. छापील ठिपका बहुधा मागच्या बाजूने फिका असतो. कच्छ-जामनगरकडे जाणकार गिऱ्हाईक गाठी न सोडलेलीच बांधणी मागतं आणि दुकानदार दोन टोकं धरून ती त्याच्यासमोर ताणतो. तडतड आवाज करत दोरे सुटतात आणि ठिपके उघडतात. पुढच्या खेपेला बांधणी घ्याल तेव्हा ती बांधलेलीच मागा. घरी शर्ट रंगवाल तेव्हा रबरबँड काढून एकदा दोऱ्याने शंभर गाठी मारून पाहा, आणि मगच साडीच्या किमतीत घासाघीस करायची की नाही ते ठरवा.