बैलाला दाखला होता, सायकलला काय आहे?

पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या घरी शाळेत जाणारं लेकरू आणि त्याची सायकल आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

मागच्या आठवड्यात एक ताई भेटायला आल्या. दोन-तीन घरी स्वयंपाकाचं काम करतात. मुलगी नववीला. तिची सायकल क्लासच्या बाहेरून गेली. "भाऊ, तेवढं पेपरात छापा," म्हणाल्या. मी विचारलं, तक्रार दिली का? "गेल्ते की. लिहून घेतलं, एक कागद दिला अन् म्हणाले, ही एनसी आहे, तपास पाहिजे असंल तर कोर्टातून आदेश आणा."

कागद बघितला. दोन वर्षांपूर्वी साडेपाच हजाराला घेतलेली सायकल. कागदावर लिहिलेलं, "जु.वा.कि.अं. ३,००० रु." आम्हा बातमीदारांना ही अक्षरं रोजची. जुनी वापरती किंमत अंदाजे. पुढं बघितलं तर सायकलच्या नंबरची जागा कोरी. मी विचारलं, "ताई, सायकलचा नंबर दिला नाही का?"

त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. "सायकलला कुठं नंबर असतो भाऊ?"

ठाणं कोणतं ते लिहीत नाही, कारण चूक त्या एका ठाण्याची नाही. पण त्या प्रश्नानं दोन दिवस झोप लागली नाही. सायकलला नंबर असतो, आजही असतो. मग तो कुणालाच माहीत नाही, अशी वेळ कशी आली? ही गोष्ट जुन्यापासून सांगावी लागेल.

बैलाचा माग

आपल्याकडं चोरीचा माल म्हणजे आधी जनावर. बैलजोडी गेली की घर बसलं. तेव्हा शोध कसा घ्यायचे? पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टननं १८१९ मध्ये त्या मुलखाचा अहवाल दिला. त्यात गावच्या राखणदाराचं काम नोंदलेलं आहे. चोराच्या पावलांचा माग काढत जायचं, माग दुसऱ्या गावच्या शिवेत शिरला की त्या गावच्या राखणदाराच्या हवाली करायचा. मग पुढचा शोध त्याच्या गळ्यात. माग जिथं संपला, ते गाव जबाबदार. औसा तेव्हा निजामाच्या मुलखात, तो अहवाल पेशव्यांच्या मुलखाचा. पण शिवेची जबाबदारी ही कल्पना आपल्या म्हाताऱ्या माणसांनाही नवी नाही.

दुसरी गोष्ट बाजाराची. आपल्या जिल्ह्यात हाळी-हंडरगुळीचा जनावरांचा बाजार, नांदेडकडं माळेगावची जत्रा. तिथं बैल घेतला की पावती होते. रंग, शिंगं, दात, घेणारा, देणारा. रस्त्यात कुणी अडवलं तर ती पावती दाखवायची. पावती नसलेलं जनावर शहाणा शेतकरी स्वस्तातही दावणीला बांधत नाही. माल ओळखता यायला पाहिजे आणि कागद मालकाच्या खिशात पाहिजे, हे शहाणपण आपल्याला कुण्या इंग्रजानं शिकवलेलं नाही.

सायकल आली, नंबर घेऊन आली

आजच्यासारखी दोन सारख्या चाकांची, साखळीची सायकल इंग्लंडात १८८५ च्या सुमारास बाजारात आली. आपल्याकडं स्वातंत्र्यापर्यंत बहुतेक सायकली विलायतेहूनच यायच्या. रॅले, हर्क्युलस, बीएसए ही नावं म्हाताऱ्यांच्या तोंडात अजून आहेत. स्वातंत्र्यानंतर मद्रासला टीआय सायकल्स, आसनसोलला सेन-रॅले, सोनिपतला १९५१ मध्ये अॅटलास, लुधियान्याला १९५६ मध्ये हिरो असे कारखाने उभे राहिले आणि सायकल गावोगाव पोचली. लग्नात जावयाला घड्याळ, रेडिओ आणि सायकल. ज्यानं दिली त्याची कॉलर ताठ.

या सायकलींच्या फ्रेमवर कारखान्यातच नंबर ठोकलेला असायचा. कधी सीटखालच्या नळीवर, कधी दोन्ही पायडल जिथं जोडलेली असतात त्या नळकांड्याच्या खाली. आजही असतो. रंग बदलता येतो, हँडल, मडगार्ड, सीट बदलता येतं. लोखंडात ठोकलेला नंबर कानशीनं घासावा लागतो, आणि घासल्याची खूण राहते.

पुण्यासारख्या शहरात त्यावर आणखी एक नंबर होता. नगरपालिकेचा सायकल कर भरायचा आणि पत्र्याचा बिल्ला सायकलला लावायचा. बिल्ल्यावर वर्ष आणि नंबर. बिल्ला नाही, रात्री दिवा नाही, डबलसीट बसला, की पोलिसानं धरलंच. लोक या करावर वैतागायचे आणि ते बरोबरच होतं, गरिबाच्या वाहनावर कसला कर? पुढं बिल्ले बंद झाले. कर गेल्याचं कुणालाच वाईट वाटलं नाही. पण करासोबत आणखी काय गेलं, ते तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. सायकलची सरकारदरबारची ओळखच गेली.

सात नंबरची सायकल

आपल्याकडं बिल्ल्याचं काम ताशी भाड्याच्या सायकल दुकानांनी केलं. माझ्या पिढीतले सगळे अर्ध्या पायडलवर तिथंच शिकले. दुकानाचं नाव आणि नंबर मडगार्डवर ऑइलपेंटनं लिहिलेला. आत एक वही. नाव, बापाचं नाव, गल्ली, नेल्याची वेळ. परगावचा असेल तर ओळखीचा माणूस लागायचा.

मी पाचवी-सहावीत असताना आमच्या गल्लीजवळच्या दुकानातली सात नंबरची सायकल गेली. नेणाऱ्यानं नाव खोटं सांगितलं होतं. तीन महिन्यांनी दुकानदाराला निरोप आला की शेजारच्या एका गावात तसली सायकल दिसली. तो गेला, आम्ही दोन-तीन पोरंही मागं मागं. सायकल हिरवी होती ती काळी झालेली. सीट नवीन, हँडल दुसरं, मडगार्डच नाही. ज्याच्याकडं होती तो म्हणाला, "मी पैसे देऊन घेतली, तुमची कशावरून?" दुकानदार काही बोलला नाही. सायकल उलटी केली, फडक्यानं ग्रीस पुसलं आणि नंबर एकेक आकडा मोठ्यानं वाचला. मग खिशातली वही काढून पाटलांच्या हातात दिली. पाटलांनीही मोठ्यानं वाचला. तोच.

भांडण नाही, शिवी नाही. पंचासमोर कागद झाला आणि सायकल औशाला आली. ज्यानं विकत घेतली होती त्याचे पैसे बुडाले. तोही गरीबच होता. वापस येताना दुकानदारानं एवढंच सांगितलं, "पोरांनो, वस्तू घेतली की नंबर लिहायचा." मी तो धडा विसरलो होतो. ताई आल्या तेव्हा आठवला.

रोममध्येही तेच

१९४८ मध्ये इटलीत व्हित्तोरिओ दे सिका यांनी 'बायसिकल थीव्ह्ज' हा चित्रपट काढला. १९५२ मध्ये भारतात पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव झाला, त्यात तो आपल्या लोकांनी पाहिला. महायुद्धानंतरचं रोम, हाताला काम नाही. भिंतीवर पोस्टर चिकटवायचं काम मिळतं, पण अट एकच, सायकल पाहिजे. घरातल्या चादरी गहाण टाकून सायकल सोडवून आणतात. कामाच्या पहिल्याच दिवशी ती चोरीला जाते. पोलीस तक्रार लिहून घेतात आणि सांगतात, शोधा तुम्हीच.

बाप आणि लहानगं पोरगं चोरबाजारात फिरतात. एक जण फ्रेमला रंग देत बसलेला असतो. बापाला संशय येतो, पोलिसाला बोलावून नंबर तपासायला लावतो. नंबर जुळत नाही. शेवटी हताश बाप स्वतःच दुसऱ्याची सायकल उचलतो आणि पोरासमोर पकडला जातो. मालक पोराकडं बघून त्याला सोडून देतो. सत्तरहून जास्त वर्षांपूर्वीचा चित्रपट आहे, पण त्या ताईंचं बोलणं ऐकताना मला तोच बाप दिसत होता. साहेब लोकांसाठी सायकल गेली म्हणजे तीन हजार गेले. त्या मुलीसाठी क्लास गेला.

१ जुलै २०२४ ला काय बदललं

आता कायद्याकडं येऊ. १८६० च्या भारतीय दंड संहितेत चोरीला कलम ३७९ होतं. तीन वर्षांपर्यंत शिक्षा. चोरी शंभराची असो की लाखाची, गुन्हा दखलपात्र. म्हणजे कागदावर तरी पोलिसांना स्वतःहून तपास करता येत होता. तेव्हा सगळ्या सायकली सापडायच्या असं मी म्हणत नाही. बीटवर फिरणाऱ्या कुणालाही विचारा.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. चोरीचं कलम ३०३. त्यात नवीन सोय केली. चोरीचा माल पाच हजारांपेक्षा कमी किमतीचा, आरोपीचा पहिलाच गुन्हा आणि त्यानं वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा. हेतू चांगला आहे. भुकेपोटी चूक केलेल्या पोराला जेलात घालून अट्टल चोर करू नये, हे मलाही पटतं.

पण त्याच्या जोडीला पाच हजारांच्या आतली चोरी अदखलपात्र झाली. म्हणजे ठाण्यात नोंद होणार, पण न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येणार नाही. "कोर्टातून आदेश आणा" हे ताईंना सांगणारा हवालदार खोटं बोलत नव्हता. कायदाच तसा आहे.

आता हिशेब मांडा. वापरलेली साधी सायकल किती रुपयांची? मानव विकास कार्यक्रमात सरकार आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी मदत देतं. ती आधी ३,५०० होती, २०२२ मध्ये ५,००० केली. म्हणजे मुलीनं शाळा सोडू नये म्हणून सरकारनं दिलेली सायकल दोन महिने चालवली की जुनी वापरती किंमत पाच हजारांच्या आत. चोरीला गेली की एनसी. एका हातानं दिलेली सायकल दुसऱ्या हातानं वाऱ्यावर सोडल्यासारखं झालं. हा विषय आमदार-खासदारांनी मांडावा असा आहे. त्यासाठी आपण निवेदन देऊच. पण तोवर?

तोवर आपल्या हातात काय आहे

एक, आजच सायकल उलटी करा, नंबर शोधा, मोबाईलवर फोटो काढा. एक फोटो नंबरचा, एक सायकलीसोबत लेकराचा. वेल्डिंग, पोचा, काही खूण असेल तर तिचाही. पाच मिनिटांचं काम आहे.

दोन, दुकानदाराकडून पक्की पावती घ्या आणि तिच्यावर फ्रेम नंबर लिहून घ्या. पावती हरवली असेल तर दुकानदाराच्या बिलबुकात कार्बन कॉपी असू शकते. किमतीचा वाद झाला तर हीच पावती बोलते.

तीन, सायकल घराच्या आतून गेली असेल तर तक्रारीत ते स्पष्ट लिहा. राहत्या घरातल्या चोरीला वेगळं कलम आहे, ३०५. शिक्षा सात वर्षांपर्यंत आणि तिथं पाच हजारांची अट नाही.

चार, एनसी झाली तरी कागद फेकू नका. तो घेऊन न्यायदंडाधिकाऱ्यांकडं तपासाच्या आदेशासाठी अर्ज करता येतो.

पाच, सायकल सापडली तर ती ठाण्याच्या आवारात गंजत ठेवायची गरज नाही. २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की पंचनामा आणि फोटो करून मुद्देमाल लवकर सोडावा. कोर्टात अर्ज करून सुपूर्दनाम्यावर ताबा मिळतो. पण मालकी दाखवायला परत तोच नंबर आणि तीच पावती. बेवारस सायकलींचा जाहीरनामा निघतो, सहा महिने कुणी आलं नाही तर विल्हेवाट लागते. त्या ढिगात आपलीच सायकल असेल आणि आपल्याला ती आपली म्हणून सांगता येणार नाही, यासारखं दुर्दैव नाही.

सहा, बिनपावतीची स्वस्त सायकल घेऊ नका. चोरीचा माल आहे हे माहीत असून घेतला तर घेणाऱ्यालाही तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

आणि एक मागणी शाळांकडं आणि नगरपालिकेकडं. जपानमध्ये १९९४ पासून सायकलची नोंदणी बंधनकारक आहे. एक स्टिकर, एक नंबर. आपल्याला एवढंही नको. कर नको, बिल्ला नको, दंड नको. दर जूनला शाळेत एक साधी वही काढा. विद्यार्थ्याचं नाव, सायकलची कंपनी, रंग, फ्रेम नंबर. एका प्रत ठाण्यात द्या. जे काम भाड्याच्या दुकानातला कमी शिकलेला माणूस करत होता, ते काम शाळेला जड जाऊ नये.

ताईंसोबत मी दुकानात गेलो होतो. दुकानदार भला माणूस. जुनी बिलबुकं काढून अर्धा तास बसला आणि नंबर सापडला. तो नंबर आणि पावतीची झेरॉक्स आता ठाण्यात दिली आहे, कोर्टातला अर्जही लिहून झालाय. सायकल अजून सापडलेली नाही. मुलगी सध्या चालत जाते.

पण आता ती सायकल कुठंही उलटी केली, तर ती कुणाची आहे हे सांगता येईल. तुमच्या घरातली सायकल उलटी करून बघा. नंबर लिहून ठेवा. आणि ही पोस्ट शाळेच्या पालक ग्रुपवर टाका.