वीणेचे घर आणि वारसांची नावे

दिंडीचा शंभर वर्षांचा इतिहास लिहायचा म्हणजे विणेकरी कोण, चोपदार कोण, कोणत्या साली किती माणूस चालले, एवढेच आपण लिहितो. दिंडी ज्या घरातून निघते ते घर कुणाच्या नावावर, हे कुणी लिहीत नाही. पण आपली दिंडी त्याच प्रश्नावर मोडता मोडता वाचली, म्हणून आम्ही ते लिहून ठेवतो.

घर मूळ विणेकरी बाबांनी स्वतःच्या कमाईतून बांधले. सोप्यात वीणा, खुंटीला पताका, मागे चूल. बाबांना दोन मुलगे, तीन मुली. ते वैकुंठवासी झाले ते 1956 चा हिंदू वारसा कायदा आल्यानंतर. मृत्युपत्र नव्हते, त्या काळी ते कोण करतंय! म्हंजे कायद्याने त्यांच्या पत्नीचा आणि पाचही लेकरांचा सारखा वाटा. पण ग्रामपंचायतीच्या नमुना आठला एकट्या थोरल्याचे नाव लागले, आणि घर थोरल्याचे असे गाव धरून चालले. वास्तविक नमुना आठ हा घरपट्टी आकारायचा कागद. त्यावर नाव लागले म्हणून मालकी ठरत नाही. हे आम्हालाही फार उशिरा कळले.

लेकींनी काही मागितले नाही. मागितले असते तरी अडचणच होती. त्याच कायद्याच्या कलम 23 प्रमाणे, घरात वारसांचेच कुटुंब राहत असेल तर पुरुष वारस आपापले वाटे करायचे ठरवीपर्यंत मुलीला राहत्या घराची वाटणी मागता येत नव्हती. वाटा आहे, पण मागायचा नाही, अशी ती तऱ्हा. हे कलम 9 सप्टेंबर 2005 पासून गेले.

थोरल्यांच्या आणि धाकट्यांच्या पश्चात सोप्याचे आढे कुजले. दुरुस्तीला पैसे घालायचे तर घर कुणाचे ते आधी ठरवा, असे धाकट्यांच्या मुलांनी धरले. चुलत भावांचे बोलणे तुटले. त्या ज्येष्ठात वीणा सोप्यातून न निघता मारुतीच्या देवळातून निघाली. शंभर वर्षांत तेवढी एकच वारी तशी गेली.

आम्ही जाणती म्हणवणारी माणसे मध्ये पडलो आणि आमच्या मते सोपा मार्ग काढला: तिन्ही आत्यांनी हक्क सोडावा, मग भावाभावांत मिटवू. साडीचोळी, नारळ घेऊन गेलो. दोघी तयार झाल्या. मधल्या आत्याबाईंनी चहा दिला, साडी बाजूला ठेवली आणि विचारलं, "माझं नाव कागदावर ऱ्हायलं तर माउलीची वाट अडंल का रं?"

आम्हाला उत्तर देता येईना.

"घर मला विकायचं न्हाई," त्या म्हणाल्या, "पर बाबांची लेक म्हणून नाव हाय, ते सोडायची न्हाई."

परत येताना एसटीत कुणी बोलले नाही. तुकोबारायांची वाटणी आम्ही कीर्तनात कितीदा ऐकलेली. वडिलांच्या सावकारीची निम्मी खते धाकट्या कान्होबांना दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली, अशी परंपरा सांगते. कान्होबांची नाही बुडवली. आम्ही मात्र आत्याबाईंच्या वाट्यावर उदार व्हायला निघालो होतो.

मग उलटे केले. वंशावळ लिहिली, मृत्यूचे दाखले गोळा केले, आणि आधी सगळ्या वारसांची नावे लावून घेतली, सुनांची आणि नातवंडांचीसुद्धा. रकाना पुरेना, पुरवणी जोडावी लागली. दोघी आत्यांनी आपखुशीने हक्क सोडला. नोटरीच्या कागदावर भागवू असे कुणी म्हणत होते. पण घराचा हक्क सोडायचा तर दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो, असे वकिलांनी बजावले. वाटणीपत्रही तिथेच नोंदवले. मागच्या खोल्या दोन्ही घरांना वाटून दिल्या आणि सोपा सामाईक ठेवला. त्यात मधल्या आत्याबाईंचे नाव आहे.

पुढच्या ज्येष्ठात वीणा सोप्यातून निघाली. आत्याबाई उंबऱ्याशी बसून होत्या, विणेकऱ्याच्या पायावर पाणी त्यांनीच घातलं.

आता त्या नाहीत. त्यांच्या दोन लेकींची वारसनोंद व्हायची राहिली आहे. अर्ज दिला आहे.