दोन वाव पाणी

सॅम्युएल लँगहॉर्न क्लेमेन्स हे नाव घेतले तर सभागृहातील फार थोडे माना डोलावतील. मार्क ट्वेन म्हटले, की टॉम सॉयर ज्याच्या त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. मग हे दुसरे नाव आले कोठून?

क्लेमेन्स १८३५ साली अमेरिकेतील मिसुरी राज्यात जन्मला आणि मिसिसिपीकाठच्या हॅनिबल गावी वाढला. बाप वारल्यावर लवकरच तो छापखान्यात खिळे जुळवू लागला. पुढे १८५९ साली आगबोटीचा परवानाधारक पायलट झाला. त्या नदीत वाळूचे दांडे सारखी जागा बदलीत. खलाशी शिसे बांधलेली दोरी सोडून पाणी मोजी आणि ओरडून सांगे. 'मार्क ट्वेन' म्हणजे दोरीवरची दुसरी खूण, दोन वाव, बारा फूट पाणी. बोट उथळातून येत असेल तर ही आरोळी दिलासा देई. खोलातून उथळाकडे चालली असेल तर तीच आरोळी धोक्याची! विनोदी लेखकास याहून चपखल नाव आम्हांस तरी सुचत नाही.

१८६१ च्या यादवी युद्धाने नदीवरची वाहतूक थांबली. क्लेमेन्स नेव्हाडात गेला, वार्ताहर झाला, आणि फेब्रुवारी १८६३ मध्ये तेथील पत्रात या नावाने प्रथम लिहिले.

पुढे तो स्वतः सांगे, की हे नाव मूळचे आयझाया सेलर्स या वृद्ध पायलटाचे. तरुणपणी आपण त्याची छापील टवाळी केली, म्हातारा दुखावला. त्याच्या निधनानंतर आपण ते नाव उचलले. कथा हृद्य खरी, पण सेलर्स वारला १८६४ साली! शिवाय त्याने या नावाने लिहिलेले काहीच संशोधकांना सापडलेले नाही. दारूच्या गुत्त्यात दोन पेले उधारीवर मांडण्यावरून नाव पडले, असेही कोणी म्हणत; त्यास पुरावा नाही.

मग त्याने ही कथा का सांगितली? आमच्या मते टवाळीचा सल खरा होता. ते ऋण त्याने आपले नाव देऊन फेडू पाहिले. ऋण त्याच्या मनास लागे. खिळे जुळविणाऱ्या एका यंत्रात त्याचा पैसा बुडाला, प्रकाशनसंस्थाही बसली. १८९४ मध्ये दिवाळे निघाले. कायद्याने सुटका असताना तो साठीत जगभर व्याख्याने देत फिरला. १८९६ च्या जानेवारीत तो मुंबईसही आला होता. १८९८ पर्यंत सावकारांची पै न पै चुकती झाली.